विसर्जनानंतरची सकाळ

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गावतळ्यावर जावं. आदल्या रात्री जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे आता दोन-चार कुत्री, एक भंगारवाला आणि नगरपरिषदेचा एक मुकादम एवढीच वस्ती असते. गुलालाचा चिखल झालेला असतो. कुत्री शिदोरीच्या दहीपोह्यांवर आलेली असतात, भंगारवाला मंडळांच्या मूर्तीखालच्या लोखंडी चौकटींसाठी. पाण्यावर झेंडूची पिवळी साय धरलेली असते आणि त्या सायीतून एखादा हात वर आलेला दिसतो, एखादी सोंड दिसते. प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ. हवा अडकली की ती बुडत नाही. रात्री दाबून खाली घातली तरी पहाटेपर्यंत वर येते आणि आभाळाकडे बघत पडून राहते.

पर्यावरणपूरक गणेशोत्सव म्हणून जे काही गावोगाव चालतं ते बहुतेक या सकाळीच्या आधीचं असतं. शाडूची कार्यशाळा, शाळेतली शपथ, चौकातला फलक, 'निर्माल्य कलशात टाका' अशी कर्ण्यावरची सूचना. या सकाळीचा उल्लेख कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नसतो, तिला पाहुणे नसतात आणि तिच्यासाठी पंपसुद्धा कुणी भाड्याने सांगून ठेवलेला नसतो. छोट्या गावात विसर्जनाची व्यवस्था लावायची असेल तर कागदावर आधी हा दुसरा दिवस मांडावा आणि मग उलट्या पावलांनी मागे येत मिरवणुकीपर्यंत पोचावं. तसं येत गेलं की कामाची पहिली तारीख श्रावणातही सापडत नाही. ती सापडते शिमग्यात. त्याकडे येऊच.

आधी त्या तरंगणाऱ्या मूर्तीचं. जिप्समचा दगड १५० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि उरलेली पांढरी भुकटी म्हणजे प्लास्टर. त्यात पाणी कालवलं की भुकटी ते परत शोषून घेते आणि पुन्हा जिप्सम होऊन बसते. म्हणजे आपण तळ्यात सोडतो तो रंगवलेला दगडच. जिप्सम पाण्यात विरघळतं, पण किती, तर लिटरला दोन ते अडीच ग्रॅम. त्या हिशोबाने २ किलोची एक मूर्ती पुरती विरघळायला ८०० ते १,००० लिटर पाणी लागेल, तेही पाणी हलतं असेल आणि मूर्तीवर रंगाचं आणि वार्निशचं कातडं नसेल तर. तळ्याचं पाणी हलत नाही आणि कातडं असतंच. म्हणून गेल्या वर्षीचे गुडघे-कोपर या वर्षी पोहणाऱ्या पोरांच्या पायाला लागतात. जे थोडंफार विरघळतं त्यातलं सल्फेट तळाच्या चिखलात उतरतं. तिथे प्राणवायू नसतो. सल्फेटवर जगणारे जिवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की तळ्याला नासक्या अंड्याचा वास येतो तो बऱ्याचदा यातून.

पण विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांनी मासे पोट वर करून तरंगताना दिसले, तर पहिला संशय मूर्तीवर घेऊ नये. निर्माल्यावर घ्यावा. फुलं, दुर्वा, केळीची पानं, मोदक, पोहे हे सगळं जिवाणूंना आयतं जेवण. ते कुजवताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात. दिवसा शेवाळ थोडा प्राणवायू परत देतं, रात्री तेही बंद होतं, म्हणून मासे मरतात ते पहाटे. वाहत्या नदीत हा मार पसरून जातो, कोंडलेल्या तळ्यात जात नाही. एवढं एक कळलं तर गावाच्या कामाचा क्रम बदलतो. मूर्ती कशाची यावर वर्षभर वाद घालण्याआधी फुलं आणि अन्न पाण्याबाहेर ठेवायची सोय लावता येते. ती स्वस्त असते आणि कुणाच्या भावनेला हात घालत नाही.

शाडूबद्दलही थोडं वाईट बोललं पाहिजे. शाडू पाण्यात काही तासांत ढासळतो हे खरं. पण ती फार बारीक कणांची चिकणमाती आहे, पेणच्या कारखान्यांकडे ती गुजरातेतून येते, खणून काढावी लागते आणि आपल्या आयुष्यात तरी नव्याने तयार होत नाही. देशावर अनेक गावांत विहिरीत विसर्जन करायची पद्धत आहे. तिथे ही माती तळाला बसते आणि झऱ्यांची तोंडं लिंपून टाकते, आपण चुलीची भेग लिंपावी तशी. विहिरीचं पाणी का कमी झालं याची चौकशी वैशाखात होते. तेव्हा भाद्रपद कुणाला आठवत नाही.

रंग तर दोन्ही मूर्तींवर तेच. शाडूवर ऑइल पेंट आणि मोतिया चमक लावली की ती 'पर्यावरणपूरक' राहते ती पाटीवर. झगझगीत लाल, नारंगी, पिवळ्या छटांत शिसं आणि क्रोमियम असण्याचा धोका जास्त असतो. म्हणून मूर्तिकाराला माती कुठली हे विचारण्याआधी रंग कुठला हे विचारावं, आणि विचारावं ते चैत्रात. पेण, हमरापूर, जोहे इथून कच्च्या मूर्ती उन्हाळ्यातच बाहेर पडायला लागतात आणि गावचा विक्रेता आपला माल तेव्हाच सांगून टाकतो. श्रावणात जाऊन त्याला शाडूचा आग्रह करणं म्हणजे लग्नाच्या दिवशी स्थळ सुचवणं. त्याचीही बाजू आहे. शाडूची फूटभर मूर्ती सुकायला कोरड्या हवेत आठवडा ते पंधरवडा लागतो, पावसाळी हवेत त्याहून जास्त. घाई करून उन्हात ठेवली की मानेच्या आणि हाताच्या सांध्याला भेग पडते. ती जड असते, टेम्पोत फुटते. प्लास्टर मात्र तासाभरात साच्यातून मोकळं.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वं २०१० मध्ये काढली आणि २०२० मध्ये सुधारून प्लास्टर नको, थर्माकोल नको असं स्पष्ट सांगितलं. राज्याने सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ मध्येच बंदी आणली. २०२५ च्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला लावल्या. त्यामुळे आता तलाव खणायचा की नाही हा प्रश्न उरलेला नाही. कसा खणायचा, एवढाच आहे. तो बहुतेक ठिकाणी वाईट खणला जातो.

समजा गावात चारशे घरगुती मूर्ती आहेत. दीड दिवस, पाच दिवस, गौरीबरोबर, सात दिवस आणि अनंत चतुर्दशी अशी त्यांची विभागणी होते. अनेक गावांत सगळ्यात मोठी गर्दी गौरीबरोबरच्या गणपतींची, आणि त्याची तारीख ठरलेली नसते. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. त्यामुळे हा दिवस एखाद्या वर्षी पुढे सरकतो, एखाद्या वर्षी मागे. टँकरच्या अर्जात 'पाचव्या दिवशी' असं लिहून मोकळा होणारा माणूस कधी ना कधी फसतोच. पंचांग उघडून तारीख लिहावी.

त्या दिवशी दोनशे मूर्ती धरू. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, १.२ मीटर खोल खड्डा पुरतो. मीटरभर पाणी भरलं तर १८,००० लिटर होतं, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर. तळ १८ चौरस मीटरचा, सुमारे १९० चौरस फूट. फूटभर मूर्तीला साधारण एक चौरस फूट जागा धरली तर दोनशे मूर्तींनी तळ एकदा भरतो. त्यावर दुसरा थर चढू द्यायचा नाही, कारण मग खालच्या मूर्ती दबून फुटतात आणि फुटल्याचा आवाज काठावरच्या माणसाला ऐकू जातो. अस्तराला शेततळ्याचा ५०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद घ्यावा. निळी ताडपत्री शिवणीतून पाझरते. कागदाखाली दोन इंच वाळू किंवा जुनी बारदानं अंथरली नाहीत, तर मुरमाचा एक टोकदार खडा पुरेसा होतो: रात्री नऊला गर्दी ऐन भरात आणि पाणी अर्ध्यावर. कागदाच्या कडा बाहेर चरात घालून मातीच्या पोत्यांनी दाबाव्या. आणि तळाला एका कोपऱ्याकडे अर्धा फूट उतार द्यावा, पंपाच्या पाइपाच्या टोकाची झडप (फूटव्हॉल्व्ह) त्या कोपऱ्यात बसते. हा उतार हमखास विसरला जातो, मग दुसऱ्या दिवशी गाळ घमेल्यांनी उपसावा लागतो आणि त्यासाठी माणसं मिळत नाहीत.

खड्डे दोन हवेत, शाडूचा वेगळा आणि प्लास्टरचा वेगळा. एकत्र झालं की दोन्ही वाया जातं. शाडू परत वापरता येतो, पण त्यात प्लास्टरचे खडे मिसळले तर नव्या मूर्तीत तिथूनच तडा जातो. ओळखायचं कसं हे दारावरच्या मुलांना आधी शिकवावं. मूर्ती उचलली की हाताला कळतं, तेवढ्याच उंचीचा शाडू चांगलाच जड असतो. बुडाकडून बघितलं तर प्लास्टर पांढरंशुभ्र आणि पोकळ, आत काथ्याचे धागे दिसतात. शंका राहिली तर बुडावर ओलं बोट चोळावं. शाडूचा चिखल बोटाला लागतो, प्लास्टरचा लागत नाही. विकत घेताना 'शाडूचीच' म्हणून दिलेल्या मूर्तींपैकी काही इथे उघड्या पडतात. अशा वेळी त्या घरच्या माणसाशी वाद घालू नये. तो फसलेला आहे. मूर्ती मुकाट दुसऱ्या रांगेत न्यावी आणि विक्रेत्याचं नाव पुढच्या चैत्रासाठी लिहून ठेवावं.

तलाव उत्तम असला तरी कार्यक्रम फसतो तो टेबलांवर. एक कुटुंब येतं, पाट ठेवतं, आरती म्हणतं, प्रसाद वाटतं, फोटो काढतं. आठ मिनिटं धरा. दोनशे कुटुंबांची १,६०० मिनिटं झाली. संध्याकाळी पाच ते नऊ ही चार तासांची, म्हणजे २४० मिनिटांची वेळ असते. भागाकार केला की सात टेबलं येतात, आणि माणसं सात ते साडेआठ याच वेळात एकदम येतात हे लक्षात घेतलं तर दहा. ठेवलेली असतात दोन. मग रांग लागते, पाऊस येतो, लहान मुलं रडतात, आणि चार घरं पाट उचलून सरळ नदीवर जातात. त्यांना नदीवर अडवायला उभ्या केलेल्या माणसांपेक्षा आठ टेबलं स्वस्त पडली असती.

तलावाला लोक नाराज असतात त्यामागे श्रद्धेचा हट्ट कमी असतो आणि गैरसोय जास्त. मूर्ती तीनदा पाण्याला टेकवून मग सोडायची असते. स्वयंसेवकाने ती एकदाच ढकलून दिली की काठावरच्या आजीचा जीव कळवळतो. तीनदा बुडवायला दहा सेकंद जास्त लागतात. पोकळ मूर्ती सोडताना ती किंचित आडवी धरावी, बुडाकडचं तोंड एका बाजूने वर आलं की आतली हवा बुडबुडे होऊन निघून जाते आणि मूर्ती सरळ खाली बसते. विसर्जन करून परतताना पाटावर नदीची चिमूटभर वाळू घरी न्यायची अनेक घरांत रीत आहे. कागद अंथरलेल्या खड्ड्याला वाळू कुठली? धुतलेल्या वाळूचं एक घमेलं आणि पळसाच्या पानांचे तुकडे काठावर ठेवले, तर ही रीत राहते. सकाळी नदीवरून आणलेली एक कळशी सगळ्यांदेखत तलावात ओतली तर त्या पाण्यालाही नदीचं नाव लागतं. उत्तरपूजेत अक्षता वाहून 'पुनरागमनाय च' म्हणत मूर्ती हलवली की देवत्व निरोप घेतं, उरते ती पार्थिव, म्हणजे मातीची वस्तू. हे गुरुजींनी कर्ण्यावरून दोन वाक्यांत सांगितलं तर समितीच्या दहा फलकांइतकं काम होतं.

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर मूर्तिदानाची चळवळ वर्षानुवर्षं चालत आली आहे. तिचा धडा असा की लोक मूर्ती द्यायला तयार होतात, पण दिलेल्या मूर्तीचं पुढे काय झालं हे त्यांना दिसलं पाहिजे. ट्रकमध्ये खतासारख्या भरलेल्या मूर्तींचा एक फोटो फिरला की पाच वर्षांची मेहनत बुडते. आणि तो फोटो नेहमी दुसऱ्या सकाळी निघतो. म्हणून मूर्ती उचलायला जेसीबी लावू नये. फळ्यांवर ओळीने ठेवून, झाकून, हाताने उचलून न्याव्या. वेळ लागतो. लागू द्यावा.

प्लास्टरच्या मूर्तींवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला उपाय छोट्या गावालाही जमण्यासारखा आहे: अमोनियम बायकार्बोनेट. बिस्किटवाले वापरतात ते. जिप्समशी त्याची गाठ पडली की खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खाली बसतो आणि अमोनियम सल्फेट पाण्यात राहतं. वजनाने दोन्ही जवळजवळ सारखे लागतात. नेमका हिशोब १ किलो मूर्तीला सुमारे ९२० ग्रॅमचा येतो, आपण किलोला किलो धरावं. २ किलोच्या मूर्तीला २ किलो भुकटी आणि मूर्ती पूर्ण बुडेल इतकं, म्हणजे २० ते २४ लिटर पाणी. आधी भुकटी पाण्यात विरघळवून मग मूर्ती सोडायची. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. दर दोन-तीन तासांनी ढवळावं, कारण मूर्तीवर खडूची साय धरते आणि आतल्या प्लास्टरपर्यंत पाणी पोचत नाही. दोन दिवसांत काम होतं. तिसऱ्या दिवशीही गड्डा शिल्लक असेल तर ढवळायची पाळी कुणीतरी झोपून घालवली असं समजावं.

यात फसायच्या जागा ठरलेल्या आहेत. दुकानदार 'तेच आहे' म्हणून खाण्याचा सोडा देतो. तो सोडियमचा असतो, त्याचं उरलेलं पाणी जमिनीला खारवतं. पोत्यावरचं नाव वाचून घ्यावं. गरम पाणी घेऊ नये, ही भुकटी ऊन लागलं तरी अमोनिया सोडायला लागते. पोती गच्चीवर पत्र्याखाली ठेवली तर आठवड्याने वजन भरत नाही आणि शेजारी तक्रार करतात. पिंपं प्लास्टिकची, उघड्यावर ठेवलेली हवीत. बंद खोलीत अमोनियाने डोळे चुरचुरतात, आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने खोल टाकीच्या तळाशी साठून राहतो, तिथे माणसाने उतरणं धोक्याचं. तांब्या-पितळेची भांडी चुकूनही वापरू नयेत, अमोनिया त्यांना खातो. शंभर मूर्ती असतील तर २०० किलो भुकटी, म्हणजे २५ किलोची आठ पोती, आणि अडीच हजार लिटरच्या घरात पाणी. ही खरेदी आषाढात सांगून ठेवावी लागते.

उरलेलं पाणी म्हणजे खताचं पाणी. पण ते जसंच्या तसं झाडाला घातलं तर झाड मरतं. २ किलोच्या मूर्तीतून दीड किलोच्या आसपास अमोनियम सल्फेट तयार होतं, म्हणजे त्या बादलीत सहा टक्क्यांचं द्रावण आहे. वीसपट साधं पाणी घालून मग रस्त्याकडेच्या झाडांना द्यावं. भाजीला देऊ नये, कारण रंगात काय होतं हे आपल्याला ठाऊक नसतं. रंगाची सोललेली साल वर तरंगते ती जाळीने काढून वेगळी ठेवावी. तळचा खडू वाळवून विटा किंवा पेव्हरच्या मिश्रणात भर म्हणून जातो.

शाडूच्या खड्ड्याचं काम सोपं, पण धीराचं. दोन दिवस हात लावायचा नाही. वरचं पाणी निवळलं की ते वरून काढायचं, तळातून नाही. पाणी रंगीत असेल तर हजार लिटरला चाळीस-पन्नास ग्रॅम तुरटी बादलीत विरघळवून फिरवावी, गढूळपणा खाली बसतो. हे पाणी गटारात सोडू नये, गटार शेवटी नदीलाच जातं. शोषखड्ड्यात सोडावं. खाली राहिलेला गाळ मच्छरदाणीच्या जाळीतून गाळला की रंगाचे पापुद्रे, मणी, काड्या वर राहतात. गाळ जुन्या बारदानांवर सावलीत पसरायचा, कणकेइतका घट्ट झाला की गोळे करून पोत्यात भरायचा. पुण्यात 'पुनरावर्तन' नावाने हीच माती गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याची मोहीम चालते. छोट्या गावाला तर मूर्तिकार दोन गल्ल्या पलीकडेच असतो. नवी माती थोडी मिसळून तो ती आनंदाने घेतो, त्याचा वाहतुकीचा खर्च वाचतो. घरी बादलीत विसर्जन केलं असेल तर ती माती तुळशीच्या कुंडीत ओतू नये. कुंडीत तिचा थर बसतो, पाणी मुरत नाही आणि तुळस महिन्याभरात मान टाकते. एक भाग शाडूला चार भाग शेणखत मिसळून झाडाच्या आळ्यात घालावी.

आता निर्माल्य. घरटी २ किलो धरलं तर चारशे घरांचं ८०० किलो होतं. फुलं फुसफुशीत असतात, घनमीटरला दोनशे-सव्वादोनशे किलोच मावतात, म्हणजे चार घनमीटर. त्याचा नुसता ढीग घातला तर चौथ्या दिवशी त्याची काळी, चिकट, वास मारणारी चटणी होते, कारण फुलांत पाणी फार असतं आणि हवा शिरायला वाट राहत नाही. तेवढाच, म्हणजे चार घनमीटर कोरडा पाला त्यात मिसळावा लागतो. इथे गाडं अडतं. भाद्रपदात कोरडा पाला आणणार कुठून? सगळं हिरवं आणि ओलं. पाला गळतो माघ-फाल्गुनात, आणि आपण तो तेव्हा झाडून, ढीग करून पेटवून देतो, नाहीतर होळीत घालतो. गणपतीसाठी लागणारी चाळीस पोती शिमग्याच्या सुमाराला भरून कोरड्या पडवीत रचून ठेवली नसतील, तर निर्माल्याचं खत हा फलकावरचा मजकूर राहतो. विसरलंच असेल तर भाताचा पेंढा, उसाचं पाचट किंवा नारळाच्या सोडणांचा भुसा चालतो. लाकडाचा भुसा मात्र एकट्याने घालू नये, तो गच्च बसतो.

पाला मिसळण्याआधी निवडणं. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने आपल्या कचराडेपोचं पर्यटनस्थळ करून दाखवलं, त्याच्या मुळाशी यंत्र नव्हतं, निवडणं होतं. ढीग झाल्यावर निवडणं अशक्य, ढीग होण्याआधी सोपं. निर्माल्य कलश एकच ठेवला की त्यात सगळं जातं. चार पाट्या ठेवाव्यात, प्रत्येकीशी एक माणूस: फुलं-पत्री, अन्न, नारळ-सुपारी, आणि बाकी म्हणजे कापराची पाकिटं, जरीचे हार, प्लास्टिकची तोरणं. हाराचा दोरा हा खरा वैरी. सुती असेल तर कुजतो, हल्ली बहुतेक कृत्रिम असतो. तो ढिगात गेला की दाताळ्याच्या दातांना गुंडाळतो आणि पुढे खतात दिसत राहतो. हार घेतानाच कात्रीने दोरा कापून ओढून काढावा. एका माणसाला तेवढंच काम द्यावं, कंटाळवाणं आहे, तासाने बदली करावी.

हे निर्माल्य गाईला घालू नये. विकतच्या झेंडूवर फवारे मारलेले असतात, पत्रीत कण्हेर असते. कोकणात आणि गोव्यात गणपतीवर रानफुला-फळांची माटोळी बांधतात, तिच्यात कळलावीची फुलं आणि कवंडळंही असतात. दिसायला सुरेख, पोटात गेली तर घातक. (माटोळी ही या सगळ्या विषयातली फार जुनी आणि शहाणी गोष्ट आहे. रानात कधी काय पिकतं हे पोरांना शिकवणारी. गोव्यात कला आणि संस्कृती संचालनालय तिच्या स्पर्धाही घेतं. पण स्पर्धेसाठी म्हणून कळलावी कंदासकट उपटून आणली जायला लागली, तर पुढच्या वर्षी ती फक्त छायाचित्रात बांधावी लागेल.)

कप्पे दोन करावे, प्रत्येक ३ मीटर लांब, दीड मीटर रुंद, मीटरभर उंच. विटा मध्ये फटी ठेवून रचाव्या. यापेक्षा लहान ढीग आतून तापत नाही, आणि तापणं महत्त्वाचं आहे ते एका दुर्वेसाठी. दुर्वेची कांडी चिवट. थंड ढिगात ती मरत नाही, उलट मूळ धरते, आणि ते खत ज्या कुंडीत जातं तिथे दुर्वा उगवतात. भक्ताला आनंद, माळ्याला नाही. आतली उष्णता ५५ अंशांच्या वर तीन-चार दिवस टिकली तर ती मरते. उष्णतामापी नसेल तर लोखंडी सळई ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढावी, हातात धरवली नाही तर ठीक. पाल्याचा थर, फुलांचा थर, त्यावर २० लिटर पाण्यात ५ किलो शेण कालवून शिंपडायचं, असं वरपर्यंत. वरून ताडपत्री, पण तंबूसारखी, चिकटून नाही. भाद्रपदाचा पाऊस आत गेला की ढीग थंड पडतो. दर पाच दिवसांनी उलटापालट करावी, कडेचं आत, आतलं कडेला. मूठभर घेऊन दाबलं आणि बोटांतून पाणी गळलं तर पाला वाढवावा. मूठ उघडल्यावर भुरभुरत सुटलं तर पाणी. अन्नाची पाटी या ढिगात रिकामी करायची नाही, तिने घुशी येतात. ती बायोगॅसला द्यावी, नसेल तर वेगळ्या झाकणाच्या पिंपात.

पन्नास-साठ दिवसांनी, तुळशीच्या लग्नाच्या आगेमागे, ढीग पाव हिस्सा उरतो आणि त्याला पहिल्या पावसाचा वास येतो. मग चाळणी लावायची, पाव इंची जाळीची. खाली काळंभोर खत पडतं. वर राहतात कुजायला वर्ष घेणाऱ्या सुपाऱ्या, नारळाच्या शेंड्या, कात्रीतून निसटलेले दोरे, चार-दोन रुपयांची नाणी, आणि दर वर्षी एखादी तरी चांदीची दुर्वा किंवा बोटभर लांबीचा चांदीचा केवडा, काळवंडलेला. त्यासाठी झाकणाचा डबा आधीच ठेवलेला असावा, आणि कुठल्या दिवसाच्या ढिगातून काय निघालं त्याची वही. मालक कधीकधी पुढच्या चतुर्थीला विचारत येतात.